म्हशीनं ओळखलेलं दार

नव्वदच्या दशकात आमचे हे गेले आणि मी घराबाहेर पडेनाशी झाले. एका संध्याकाळी लेकीनं ओढूनच दूधकट्ट्यावर नेलं, जिथं म्हशीची धार समोर काढून ताजं दूध प्यायला देतात. धार काढणारा गवळी मान वर न करताच म्हणाला, "काकू, काका ती शहराखालच्या पिशाच्चांची कादंबरी रोज थोडी सांगायचे. पुढं काय झालं हो?"

मला काय ठाऊक!

"त्या पिशाच्चांच्या राज्याचं दार ह्या फरशीखालीच हाय बघा. माझी म्हस हितं पाय ठेवत न्हाई. वाचून सांगा की."

मग मी वाचू लागले, रोज सांगायला जाऊ लागले. कादंबरीच्या शेवटी दार निघालं एका जुन्या विहिरीत.

ते ऐकून तो म्हणाला, "लेखकाकडं म्हस न्हाई, त्याला काय कळणार?"

हे गेल्यापासून मी पहिल्यांदा हसले, ओठावर दुधाचा फेस तसाच. त्या भल्या माणसाचं नाव मात्र विचारायचं राहूनच गेलं.