पंख्याच्या मोटारीचा अहवाल

माझी बायको कागदाच्या कारखान्यात मोटारी तपासायची. मोटार न थांबवता, न उघडता. वायरीभोवती चिमट्यासारखा सेन्सर अडकवायचा, चालत्या मोटारीचा करंट थोडा वेळ नोंदवून घ्यायचा आणि मग पडद्यावर त्याचा आलेख बघत बसायचं. मधे एक उंच सुळका असतो, तो सगळ्याच मोटारींचा. त्याच्या दोन्ही बाजूंना बुटके सुळके उगवले, की समजायचं, आत फिरणाऱ्या रोटरच्या सळया तुटायला लागल्या. मी शिंपी माणूस, पण हे सगळं ऐकून ऐकून पाठ झालं. जेवताना ती दुसरं काही बोलायचीच नाही.

कारखान्यात तिला ज्योतिषीणबाई म्हणत. त्याला कारण होतं. एकदा असेच सुळके पाहून तिनं एका पंपाची मोटार उघडायला लावली. आत सळया ठणठणीत. पंपावरचा भारच सारखा कमीजास्त होत होता आणि त्यानं हुबेहूब तसेच सुळके उठवले होते. दिवसभर काम बंद पडलं. तेव्हापासून ती दिसली, की कुणीतरी तळहात पुढे करून विचारायचा, बाई, लग्नाचा योग कधी आहे? तिची बाजू घ्यायचा तो फक्त माझा धाकटा भाऊ. तो तिथंच वाळवणी विभागात ऑपरेटर होता. नोकरी तिनंच शब्द टाकून लावून दिलेली.

गेल्या वर्षी वाळवणीच्या मोठ्या पंख्याच्या मोटारीत तिला सुळके दिसले. या वेळी तिनं घाई केली नाही. भार स्थिर असताना तीनदा मोजलं, मोटारीचा नेमका वेग घेऊन सुळक्यांची जागा ताडून पाहिली. दर खेपेला ते आधीपेक्षा उंच. अहवालात तिनं लिहिलं, मोटार ताबडतोब थांबवावी.

मॅनेजरनं तिला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला. मोठी ऑर्डर निघायची होती. ‘ताबडतोब’ काढून ‘पुढच्या देखभालीच्या वेळी’ एवढं लिहा, म्हणाला. पुन्हा मोटार उघडून आत काही निघालं नाही, तर हसं तुमचंच होईल. घरी येऊन तिनं मला विचारलं, काय करू? मी एका पँटची शिवण उसवत होतो.

“एका शब्दानं काय आभाळ कोसळणार आहे?” मी मान वर न करता म्हणालो. “दे बदलून.”

तिनं बदलला.

सोळाव्या दिवशी तुटलेली सळई वर आली आणि भोवतीच्या तांब्याच्या तारांचं वाइंडिंग फाडून गेली. आत जाळ झाला, वायरींच्या पेटीचं झाकण उडालं. शेजारी माझा भाऊ नोंदी घेत उभा होता. उजवा डोळा गेला. डाव्यानं आता उजेड आणि सावली एवढंच कळतं.

चौकशीत मॅनेजर शांतपणे म्हणाला, घाईचं आहे असं मला कुणी कळवलंच नव्हतं. तिनं खरं काय ते सांगितलं. समितीनं अहवाल तिच्यापुढे सरकवला आणि विचारलं, सही तुमचीच ना? शेवटी असं ठरलं, की ही तपासणीची पद्धतच भरवशाची नाही. सेन्सर कपाटात गेला आणि ती स्टोअरमध्ये नटबोल्ट द्यायला बसली. मॅनेजरला बढती मिळाली. पण तिला लागलं ते वेगळंच.

“यंत्रानं बरोबर सांगितलं होतं,” ती म्हणायची. “खोटं मी लिहिलं.”

भाऊ तेव्हा दवाखान्यात होता. चौकशीतलं त्याला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. घरी आल्यावर एका दुपारी त्यानंच विषय काढला.

“वहिनी, तुम्हाला आधी दिसलं होतं का?”

“दिसलं होतं, भाऊजी.”

“मग?”

तिनं सगळं सांगितलं. मॅनेजरचा चहा सांगितला, बदललेला शब्द सांगितला. माझं नाव मात्र घेतलं नाही. मी तिथंच मशीनवर बसलो होतो. हीच वेळ होती बोलायची. मी खाली बघून पायडल मारत राहिलो.

तेव्हापासून भाऊ तिच्याशी बोलत नाही. मीठ हवं असलं तरी आईला सांगतो. जेवायला मात्र माझा हात धरून येतो आणि माझ्या शेजारीच बसतो. ती आम्हा दोघांना वाढते. माझ्याकडे बघत नाही.