वाड्यावरची हाक

"उठलों. कोण आसा?"

रोज सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजून गेला, पाव घरात आले, की आमच्या वाड्यावर ही हाक यायची. मग ज्याला सवड होईल त्याने "आसा", म्हणजे आहे, म्हणायचं. पेडण्यातल्या आमच्या औषधांच्या दुकानाचं शटर वर केलं की मी फोनवर तेवढा एक शब्द लिहायची आणि कामाला लागायची. मी मुळात तुसडी. सकाळच्या वेळी घरच्यांशीसुद्धा धड बोलत नाही. पण ही हाक घालणाऱ्या माणसाला उत्तर द्यायचं कधी जिवावर आलं नाही.

हा वाडा जमिनीवर कुठे नव्हता. मोठ्या कंपन्यांचा इंटरनेटवरचा बाजार सोडून काही लोक स्वतःच्या घरात यंत्र ठेवतात आणि त्यावर ओळखीपाळखीच्यांच्या गप्पांची लहानशी वस्ती चालवतात, हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. अशा वस्त्या एकमेकींना जोडलेल्या असतात. एकीत लिहिलेलं दुसरीतल्या ओळखीच्या माणसापर्यंत जातं आणि त्याची प्रत तिथेही राहते. आमची वस्ती डिचोलीत, हाक घालणाऱ्या त्या गृहस्थांच्या जेवणाच्या मेजावर होती. खाणीच्या कचेरीत ते नोकरीला होते. खाण बंद पडल्यावर तिथला मोडीत निघालेला कॉम्प्युटर त्यांनी घरी आणला, खटपट करून चालू केला आणि त्यावर वाडा वसवला. बायको वारलेली, मूलबाळ नाही. मेजाच्या उरलेल्या कोपऱ्यात ताट ठेवून ते जेवायचे. कोणी मालक म्हटलं तर म्हणत, "मालक खंयचो? हांव वाड्यार झाडू मारपी."

वाड्यावर बोलणं काय चालायचं म्हणाल, तर काहीही नाही. बांगड्याच्या हुमणात तिरफळं किती, वाळपईला पाऊस लागला का, अमक्याच्या म्हशीला काय झालं. पण कोणाचंही बोलणं उत्तराशिवाय पडून राहू नये, असा त्यांचा दंडक होता. "आज कढी बिघडली" एवढं कोणी लिहिलं, तर दुसरं कोणी विचारत नाही असं पाहून ते स्वतः विचारायचे, आंबट झाली की खारट. एकदा पंचायतीच्या निवडणुकीवरून आमोण्याचा एक आणि वाळपईचा एक असे दोघे इतके भांडले की आम्हाला वाटलं, आता दोघांनाही वाड्याबाहेर काढणार. त्यांनी दोघांना एकाच दिवशी घरी जेवायला बोलावलं. दोघे आले, पानावर मान खाली घालून जेवले आणि एकमेकांशी चकार शब्द न बोलता गेले. वाड्यावर मात्र पुन्हा भांडले नाहीत.

हरमलला एक बाई आहे. पर्यटकांना खोल्या भाड्याने देते आणि रोज रापणीला कुठली मासळी लागली ते वाड्यावर लिहिते. एकदा चार-पाच दिवस तिचा पत्ता नव्हता. गिऱ्हाइकांच्या गडबडीत असेल, असं आम्ही सगळे म्हणालो. ते स्कूटर काढून डिचोलीहून थेट हरमलला गेले. बाई परसात मासे साफ करत बसली होती. फोन विहिरीत पडला होता, दुसरं काही नाही. ते चहा प्याले, वाटेत घेतलेले पाव तिच्या हातात ठेवले आणि परत फिरले. एवढ्यासाठी एवढ्या लांब आलात, असं ती म्हणाली, तर त्यांनी साधेपणाने सांगितलं, "वाड्यार कोण जाप दिना जाल्यार वचून पळोवंक जाय." उत्तर आलं नाही की जाऊन बघायचं, एवढंच त्यांचं म्हणणं.

वाड्याची एक खोड होती. डिचोलीची लाइट गेली की वाडा बंद. ट्रकची एक जुनी बॅटरी त्यांनी जोडली होती, ती थोडा वेळ धीर धरायची. मग सगळं काळोखात. लाइट आली तरी त्यांनी उठून बटण दाबल्याशिवाय यंत्र सुरू होत नसे. त्यामुळे आभाळ गडगडलं की आम्ही फोन बाजूला ठेवायचो. वाडा दिसेनासा झाला तरी कोणाला काही वाटायचं नाही. आमच्या घरात तर ती म्हणच पडली होती. जेवून नवऱ्याचा डोळा लागला की मुलगी म्हणायची, डिचोलीची लाइट गेली.

श्रावणात एका संध्याकाळी जोराचं वादळ झालं आणि वाडा बंद पडला. दुसऱ्या दिवशी हाक आली नाही. खांब पडला असेल, म्हटलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं. तारा तुटल्या असतील, वीजखात्याला कुठली घाई, असं म्हणत आम्ही निवांत राहिलो. आठवडा उलटून गेल्यावर हरमलच्या बाईचा फोन आला. "लायट इतले दीस वयता गो?" तिने विचारलं, आणि मी दुकानाचं शटर खाली ओढलं.

आम्ही दोघी डिचोलीला गेलो. दारात त्यांचा धाकटा भाऊ होता. तो शेजारच्याच घरात राहतो. त्याचं डोकं भादरलेलं पाहून आम्ही पायरीवरच थांबलो. वादळाच्या दिवशी तो वाळपईला अडकला होता, दुसऱ्या सकाळी आला. तेव्हा ते मेजापाशी खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते.

"आम्हाला कळवलं नाहीत," बाई म्हणाली.

"कळोवपाचें कोणाक?" भाऊ म्हणाला. "तेका इश्टमित्र नाशिल्ले. सगळो दीस त्या मेजार एकलोच बसतालो."

यंत्रावर त्याने धुतलेला टॉवेल घातला होता. हवं तर घेऊन जा, असं तो म्हणाला. पण ते उघडायचं कसं, हे एकट्या त्यांनाच माहीत होतं. बाईने टॉवेलची दुमडलेली कड सारखी केली आणि आम्ही निघालो.

पुढे काही दिवसांनी मस्कतहून एकाचा फोन आला. तो मूळचा आमच्याच भागातला. दुसऱ्या एका वस्तीत राहून तो आमच्याशी बोलायचा. त्या संध्याकाळी बॅटरीवर यंत्र चालू असताना त्यांनी काहीतरी लिहिलं होतं, आणि त्याची प्रत त्याच्याकडे पोचली होती. तो तेव्हा कामावर होता. नंतर पाहिलं तेव्हा त्याला वाटलं, जवळच्यांनी केव्हाच उत्तर दिलं असेल, आपल्यापर्यंत ते आलं नसेल. आम्ही जवळचे तर वादळ पाहून फोन ठेवून बसलो होतो.

त्याने आम्हा सगळ्यांना त्याच्या वस्तीत जागा करून दिली, तेव्हा मी ते वाचलं. "लायट गेली. आज जीव इल्लो घाबरता. कोण आसा?"

खाली काहीच नव्हतं. वाड्यावर कोणाचं बोलणं तसं पडून राहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, तरी मी रडले.

मग मी त्याच्या खाली "आसा" असं लिहिलं. हरमलच्या बाईने लिहिलं. वाळपईच्या आणि आमोण्याच्या त्या दोघांनीही, एकाखाली एक. मस्कतचा सांगतो, उत्तर लिहिलं की ते ज्याचं त्याच्या घरी पोचवायला यंत्र निघतं, दार बंद दिसलं की मागे येतं, आणि काही वेळाने पुन्हा जाऊन पाहतं. सकाळी पाव आले की मी उघडून बघते. डिचोलीला अजून एकही पोचलेलं नाही.