इस्तंबूलमध्ये लग्नाचे तीन फोटोग्राफर

राजारामपुरीत चहाला बसलं की आमचे इस्तंबूलचे किस्से निघतातच, आणि दर खेपेला एखादा विसरलेला वर येतो. डिजिटल कॅमेरे यायच्या आधीची गोष्ट. मी, बापू आणि नेसरीचा सर्जेराव, तिघेही लग्नाचे फोटोग्राफर, आठवडाभर तिकडं फिरायला गेलेलो. बापूच्या लेकीचं लग्न तोंडावर आलेलं. "धडधाकट माघारी आलो म्हंजे झालं, बाबांनो," हे त्याचं मुंबईच्या विमानतळापासून चालू होतं. ती भीती आम्हालाही लागली.

*

विमानतळावरच्या एक्स-रे मशीनमधून रोल गेले की धुरकट होतात, असं कुणीतरी सांगितलेलं. सर्जेरावानं सगळे रोल पायमोज्यांत कोंबले. शिपायानं पोटरीवर हात फिरवला, तसा हा घामानं चिंब. "गाठी हायत सायेब, जुन्या," म्हणाला.

शिपायानं मोजे उतरवले, आणि रोल मशीनमधूनच गेले.

*

माणसाशिवाय फोटो काढायची बापूला सवयच नाही. जुन्या मशिदीसमोर त्यानं एका अनोळखी म्हाताऱ्याला खांद्याला धरून पायरीवर उभं केलं, हनुवटी बोटानं खाली केली, कॉलर सारखी केली. म्हाताऱ्याचे दोन तगडे मुलगे धावत आले. मी दोन पावलं मागं सरकलो.

बापू म्हणाला, "पावणं, तुमी बी या की. डाव्या बाजूला."

आणि ते खरंच उभे राहिले!

*

तिथल्या छप्पर घातलेल्या बाजारात आम्ही वाट चुकलो. मला रडूच यायचं बाकी होतं. सर्जेराव म्हणाला, "घाबरू नको. खूण बघून ठेवलीया. निळ्या गालिच्यापाशी वळायचं."

पुढं गल्लीभर निळे गालिचेच टांगलेले.

*

शेवटच्या दिवशी बंदरावर बापूनं आम्हा दोघांना कठड्याला टेकवून सटासट फ्लॅश मारले. मागं लष्कराची बोट उभी आहे, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. बंदूकवाला शिपाई आला, पाठोपाठ अधिकारी. आम्हाला एका खोलीत बसवलं. अधिकारी कॅमेऱ्याकडे बोट दाखवून ओरडत होता, आणि आमचं विमान संध्याकाळचं.

बापूचे डोळे भरून आले. "पोरीच्या अक्षता माझ्याबिगर पडत्यात की काय," एवढंच म्हणाला. मला खरोखर वाटलं, आता सुटका नाही.

अधिकाऱ्यानं कॅमेऱ्याचं झाकण उघडलं. आत रोलच नव्हता. तो आधी बघतच राहिला, मग हसत सुटला, आणि त्यानं आम्हाला सोडून दिलं.

बाहेर आल्यावर सर्जेराव थांबला. "बापू, लग्नात लई मागं लागणाऱ्या पावण्यांना रोल वाचवायला नुसता फ्लॅश मारतोस, तसा आठवडाभर आमाला मारलास व्हय रं?"

"आधी विमान गाठूया," बापू म्हणाला.