साहेबाच्या मागे सायकल

आमचा मेन्टेनन्स मॅनेजर डेन्मार्कचा. इंजिनिअर तो उशिरा झाला. त्याआधी दहा-बारा वर्षं पगारी सायकलपटू होता, युरोपातल्या मोठमोठ्या शर्यतींत उतरलेला. एकही जिंकला नाही. जिंकणं त्याचं कामच नव्हतं. कप्तान जिंकावा म्हणून जे राबतात, त्यांतला तो. मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या घ्यायच्या, सदऱ्यात कोंबायच्या, कप्तानाला नेऊन द्यायच्या. कप्तानाचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून द्यायचं. एकदा शर्यत त्याच्या गावावरून गेली, तेव्हा रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी त्याला पुढे सोडलं. त्याने थांबून आईला मिठी मारली आणि परत घोळक्यात येऊन बाटल्या वाटल्या. पुढे पायांतली ताकद उतरली आणि टीमने करार वाढवला नाही. कप्तानाने साधा फोनसुद्धा केला नाही.

हे तो शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, सायकली भिंतीला टेकवून चहा पिताना सांगायचा. मला माझे वडील आठवायचे. ते तालुक्याच्या कचेरीत शिपाई. जन्मभर फायली घेऊन साहेबाच्या दोन पावलं मागे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. अभिमान आहे मला त्याचा, लपवू कशाला?

इथे आखातात, शुऐबातल्या आमच्या प्लँटवर शिफ्ट इन-चार्जची जागा रिकामी होणार होती. ती मिळाली की फॅमिली व्हिसा, म्हणजे बायको आणि मुलगी इथे. नाहीतर अब्बासियातली चौघांत वाटून घेतलेली खोली आहेच. शिफ्टमध्ये माझ्याइतकं शिकलेलं दुसरं कुणी नव्हतं. साहेबाने ‘शुक्रवारी सायकलवर कोण येतंय?’ विचारलं, तेव्हा मी जुनी सायकल घेतली आणि हजर झालो. दुसरा आला एक केरळी टेक्निशियन, डिप्लोमावाला.

हिवाळाभर आम्ही तिघे जायचो. समोरून वाळवंटाचा वारा. साहेब पुढे, मी मागे. मध्येच तो कोपर झटकायचा. मला वाटायचं, फार चिकटून येतोय म्हणून सांगतोय. मी आणखी मागे व्हायचो. केरळी मात्र कोपर हललं की सरळ साहेबाला मागे टाकून पुढे.

‘अरे, साहब को ओव्हरटेक करता है? कुछ तमीज?’ मी त्याला झापलं.

‘भाई, वो खुद बुलाता है,’ तो हसला. ‘तू बैठ पीछे, महाराजा!’

मनात म्हटलं, डिप्लोमा तो डिप्लोमाच. वडिलांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, ‘बरं करतोस बाबा. मोठ्या माणसाच्या पुढं जाऊ नये.’

जागा केरळ्याला मिळाली.

मी तडक केबिनमध्ये गेलो. ‘सर, डिग्री माझी. सीनियर मी. कमी काय पडलं?’

त्याने आढेवेढे घेतले नाहीत. ‘काम तुझं चांगलं आहे. पण अख्खा हिवाळा तू माझ्या मागे बसून आलास. पुढे असतो तो वारा अंगावर घेतो, म्हणून मागच्याला सोपं जातं. कोपर हलवलं की मागच्याने पुढे येऊन आपली पाळी घ्यायची. तू एकदाही आला नाहीस. असली माणसं मी आयुष्यभर ओढली. शिफ्ट त्यांच्या हातात देणार नाही.’

‘सर, आमच्याकडे साहेबाच्या पुढे जात नाहीत. मान म्हणून मागे राहिलो.’

तो म्हणाला, ‘मग विचारायचं होतंस.’

‘तुम्ही सांगायचं होतंत.’

ऑर्डर काही बदलली नाही. ज्याची कप्तानाने कधी विचारपूस केली नाही, त्यानेही मला एका शब्दाने विचारलं नव्हतं. राबणारा खुर्चीत बसला की कप्तानच होतो.

पुढच्या शुक्रवारी मी गेलो, आणि निघाल्यापासून पुढे राहिलो. वारा छातीवर, वाळू दातांत. मागून साहेब ओरडला, ‘माझी पाळी!’ मी दिली नाही. कोपर हलवलंच नाही. शुऐबाच्या प्लँटची धुराडी दिसल्यावर थांबलो.

‘आता जमलं तुला!’ साहेब खूश होऊन म्हणाला.

सायकल मी जलीबच्या एका दुकानात मिळेल त्या भावाला विकून टाकली. मुलीने व्हिसाचं विचारणं आता सोडलंय. वडील मात्र दर फोनला विचारतात, ‘साहेब खूश आहेत ना?’

मी म्हणतो, ‘खूश आहेत.’