कुणी काहीच सांगितलं नाही तर

जेवायला बसली की रेवती आधी विचारायची, "मावशी, मी काहीच बोलले नाही, तर भात वाढाल की नाही?"

"वाढीन."

"म्हणजे नको असेल तर मला सांगावं लागेल."

उधन्यातल्या माझ्या घराची वरची खोली तिने भाड्याने घेतली होती. पोरगी अर्धवट आहे, असंच मला आधी वाटलं.

तिचं काम लूमच्या, म्हणजे कापड विणायच्या यंत्राच्या, आत बसवतात त्या छोट्या मेंदूचं, कॉम्प्युटरचं. मी चौथी शिकलेली, म्हणून तिने सोपं करून सांगितलं. आत जागा एवढीशी, आणि कामाला क्षणाचा उशीर चालत नाही. म्हणून त्यात काय घ्यायचं, काय गाळायचं, हे लूम बनवणारे आधीच निवडतात. ते ऑप्शन रेवती तयार करायची. "निवडणं सोपं, मावशी. कुणी निवडलंच नाही तर काय व्हावं, ते ठरवणं अवघड."

"बंद ठेवायचं," मी म्हटलं. "माझ्या जिन्यातला दिवा बघ. ज्याला हवा तो लावतो."

"आणि अंधारात बटण शोधताना पडला तर?"

"पडू दे. पुढच्या वेळी नीट चढेल."

ती हसली होती.

एक ऑप्शन राखणीचा होता. मेंदू अडकला तर लूम आपोआप थांबवायचा. तो उगाच लूम थांबवतो, माल खोळंबतो, अशी लूम बनवणाऱ्या गिऱ्हाइकांची ओरड आली. म्हणून रेवतीने तो मुळातच बंद ठेवला. हवा तर त्यांनी लावावा. बमरोलीच्या कारखान्यातल्या लूमला तो कुणी लावलाच नाही. आमच्या गल्लीतल्या देवरामने थांबायचं बटण दाबलं आणि, सगळेच घालतात तसा, लूम थांबायच्या आधीच धागा जोडायला हात घातला. मेंदू अडकलेला. लूम चालतच राहिली. त्याची दोन बोटं गेली.

राखण बंद आहे असं सोबतच्या माहितीत स्पष्ट लिहिलं होतं, आपला दोष नाही, असं तिच्या ऑफिसात सगळे म्हणाले. रेवती मला घेऊन देवरामकडे गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. तो म्हणाला, "तुमना काय दोस शे, ताई? हात ते मीच घाला." त्याच्या बायकोने चहा ठेवला. रेवतीला कप उचलवेना.

परतताना म्हणाली, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

मी समजूत काढली नाही. "झालं ते तुझ्यामुळेच. आता करणार काय, ते बोल." बोलले खरी, पण 'बंद ठेवायचं' हे माझंही तोंड बोललं होतं. तिने तो विषय कधी काढला नाही.

तिने राखण मुळातच चालू केली. बंद करायची तर करणाऱ्याने कारण आणि आपलं नाव लिहायचं. गिऱ्हाइकं चिडली. साहेब म्हणाला, पहिल्यासारखं कर. तिने केलं नाही. नवा प्रोग्राम लूमवर चढेपर्यंत ती अडून बसली, आणि मग तिला कामावरून काढलं.

पुण्याला निघाली त्या दिवशी बॅग घेऊन खाली उतरताना ती मध्येच थांबली. भरदुपारी जिन्यात दिवा जळत होता.

"मावशी, दिवा राहिला."

"राहू दे," मी म्हटलं. "ज्याला नको तो बंद करील."