अर्पणपत्रिकेतलं ‘अहो’

सकाळी टपालानं एक स्वीडिश कादंबरी आली. अर्पणपत्रिकेतला एकच शब्द मला कळला: अहो.

आणि मी थेट जर्मनीतल्या एर्लांगेनच्या आमच्या जुन्या घराच्या जिन्यात पोचले. तिथे वेलदोड्याच्या पावाचा गरम वास भरलेला होता. खालच्या मजल्यावरची स्वीडिश लेखिका बशी घेऊन आमच्या दारात उभी होती. जर्मन पुस्तकांच्या अनुवादात निम्मा जन्म गेलेला, एकेका शब्दावर आठवडा घालवणारी बाई. ती ह्यांना लाडानं म्हणत होती, “अहो, गरम आहेत तोवर खा.” बाकी सगळं जर्मन, फक्त ‘अहो’ माझं.

दार लावल्यावर मी ह्यांना फैलावर घेतलं. हे हसले. “अगं, तू दिवसभर हाक मारतेस, तिला ते माझं नाव वाटलं.” पत्रपेटीवर नुसतं आडनाव होतं, म्हणून मला पटलं. पुढे कित्येक वर्षं तो आमच्या घरातला विनोद होता.

आज पुस्तक हातात धरून मी विचारलं, “तिला खरं नाव कधी सांगितलंच नाहीत?”

ह्यांनी चष्मा पुसला. “नाही. तिच्या तोंडून ऐकायला बरं वाटायचं.”