पेटीत नसलेला गंधार

आमच्या भजनी मंडळात गिटार आली ती एका आईच्या हट्टामुळं. तिचा मुलगा गोव्याच्या हॉटेलांत काही वर्षं वाजवून नव्वदच्या दशकात कोल्हापूरला परतला, तो डोक्यात ब्लूज घेऊनच. ब्लूज म्हणजे अमेरिकेत कापसाच्या शेतांत राबणाऱ्या काळ्या माणसांचं गाणं. घरात दिवसभर तेच चालायचं. शेवटी आईनं अट घातली, की ते वाद्य घरात वाजायचं असेल तर सोमवारी संध्याकाळी महादेवाच्या देवळातही वाजलं पाहिजे.

माउली बोलून मोकळी झाली आणि संकट आमच्यावर आलं. मी मंडळाचा पेटीवाला. आमचे बुवा तेव्हा साठीचे, तालमीतल्या वस्तादासारखे कडक. गिटार बघून त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण दर सोमवारचा प्रसाद त्याच घरून यायचा. खाल्ल्या मिठाला जागणं भाग होतं. त्यांनी त्याला कोपऱ्यात बसवलं आणि कायम 'तारवाला' म्हटलं.

तारवाला गप बसणारा नव्हता. गंधार आला की तो बोटानं तार ओढायचा आणि कोमल अन् शुद्ध गंधाराच्या मधे कुठंतरी सूर लोंबकळत ठेवायचा. माझं डोकं फिरायचं. पेटीवर ही पट्टी असते नाहीतर ती, मधे नुसती फट. तसं मी त्याला सुनावलं, तर तो हसला.

"त्या फटीतच समदी मजा हाय की, भावा."

आठवडाभर मी त्याच्याशी बोललो नाही. पुढच्या सोमवारी मात्र दोन्ही पट्ट्या एकदम दाबून बघितल्या. पेटी रेकली, बायका हसल्या, बुवांनी डोळे वटारले. तो तेवढा खूश. देवाला मनापासून हाक मारताना माणसाचा आवाज तसाच होतो, हे मला त्याच्यामुळं कळलं. पुढं टाळकऱ्यांचाही गंधार वाकायला लागला. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.

दोन हजार साल उलटल्यावर तो काविळीनं गेला. पन्नाशीही गाठली नव्हती. इतकं बडबडं माणूस असं अर्ध्यावर उठून जातं, याचा मला आजही राग येतो.

पुढच्या वर्षी इचलकरंजीला भजन स्पर्धा होती. बुवांना आयुष्यात एकदा पहिला नंबर हवा होता. आता त्यांना दम लागायचा, ही शेवटचीच स्पर्धा असं त्यांनी सांगून टाकलं होतं. तालीम ऐकायला आलेले एक संगीतशिक्षक म्हणाले, नंबर तुमचाच, फक्त तो घसरणारा गंधार सरळ करा. मग बुवांनी आमचा घाम काढला. कुणाचा सूर वाकला की ते टाळ आपटायचे. अखेर आम्ही शाळेतल्या प्रार्थनेसारखं सरळ गायला लागलो. मला ते अळणी लागत होतं, पण बुवांसाठी तोंड मिटून पेटी वाजवत राहिलो.

स्पर्धेत पहिली दोन कडवी बिनचूक झाली. समोरचे परीक्षक माना डोलवत होते. तिसऱ्या कडव्याला बुवांनी डोळे मिटले, महादेवाला हाक घातली आणि गंधार दिला सोडून, थेट त्या फटीत. त्यांच्यामागं अख्खं मंडळ गेलं. कुणाला सांगावं लागलं नाही. मी पेटीवरचे हात काढून घेतले आणि वेड्यासारखा हसत बसलो, डोळ्यांतलं पाणी पुसत.

नंबर हुकला. पहिला नाही, उत्तेजनार्थसुद्धा नाही. निकालानंतर एक परीक्षक मुद्दाम आमच्यापाशी आले आणि असला गंधार तुम्हाला शिकवला कुणी, असं त्यांनी विचारलं. मला वाटलं, आता बुवा सगळं खापर त्या गेलेल्या माणसावर फोडणार. बुवांनी टोपी सारखी केली.

"आमच्या गुरूंनी," ते म्हणाले. "गेल्या साली गेलं ते."